सतरा कडक भाकरी

मल्लेशचं छत गळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण याच एका वाक्याच्या आडोशानं घडलं. माणूस खोटं बोलून जितका फसत नाही, तितका कधी कधी अर्धं खरं बोलून फसतो.

मल्लेश आठ वर्षं हैदराबादला शीतगृहांच्या कामावर होता. तिथं भिंतींना आणि छतांना फोम मारायचा. दोन पिंपांतली दोन औषधं एका बंदुकीतून एकत्र बाहेर पडतात, पत्र्याला लागली की भसाभसा फुगतात आणि घटकाभरात दोन बोटं जाडीचा पिवळसर थर घट्ट बसतो. ऊन मग वरच्या वर अडतं. हे काम शिकून, जुनी मशीन पिकअपवर लादून तो देवणी भागातल्या आपल्या गावी परतला तेव्हा लोकांनी आधी त्याची टिंगल केली. पत्र्याला स्वेटर घालणारा, असं त्याचं नाव पडलं.

गावातलं पहिलं काम त्यानं शिवगंगाबाईंच्या बचत गटाचं घेतलं. गटाची पत्र्याची शेड गावाच्या कडेला. आत सहा भट्ट्या आणि अकरा बाया, आणि दिवसभर ज्वारीच्या कडक भाकरी. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग भट्टीच्या कडेला उभी करून पार पापडासारखी होईतो शेकायची. कोरडी राहिली तर दोन-दोन महिने टिकते. उदगीर, लातूर, पार नांदेडपर्यंत माल जायचा. पण एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसणं म्हणजे भाकरीबरोबर आपणही शेकून निघणं. बाया डोक्यावर ओला टॉवेल घेऊन थापायच्या.

या गटात रत्नम्मा होत्या, सत्तरीला टेकलेल्या. त्यांचा हात थापायला आता पहिल्यासारखा चालत नसे, पण एक काम त्यांच्याशिवाय कुणी करत नव्हतं. शेकलेली प्रत्येक भाकरी त्या कानाजवळ धरून नखानं वाजवायच्या. कोरडी असली की टणक आवाज येतो. आत ओल असली की बद्द वाजते, ती परत भट्टीला. रत्नम्मांनी वाजवल्याशिवाय भाकरी मांडणीवर जात नसे. अख्ख्या गावात त्यांचा कान नावाजलेला होता.

शेड बांधताना रत्नम्मांनीच गवंड्याच्या मागं लागून मधले दोन पत्रे विटांवर उचलून घेतले होते. त्याला त्या सवणं म्हणायच्या. त्यांच्या मातीच्या माळवदाच्या घरात चुलीवर असतं तसलं, धूर आणि वाफ जायला ठेवलेलं भोक.

मल्लेशनं फोम मारायला घेतला तेव्हा त्या खालून म्हणाल्या, "मल्लेश, सगळं कर, पण सवणं तेवढं बुजवू नको रे."

मल्लेश शिडीवर होता. तोंडाला मास्क, हातात बंदूक, खाली अकरा बाया माना वर करून बघतायत. माणसाला चढायला एवढं पुरतं.

"अव्वा," तो मास्क खाली ओढून म्हणाला, "तुमच्या माळवदाचा जमाना गेला. भोकच ठेवायचं असंल तर फोम कशाला मारायचा? हैदराबादला आम्ही सुई जाईल एवढी फट ठेवत नव्हतो."

बाया हसल्या. रत्नम्माही हसल्या. त्यानं सवण्याचे पत्रे खाली बसवले, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटी फोमनं भरल्या आणि शेड डबीसारखी बंद केली. पत्र्याखालचे लोखंडी अँगल तेवढे उघडे सोडले. त्यांना कशाला औषध घालवायचं, असं त्याला वाटलं. शीतगृहात थंडी आत कोंडायची असते. भाकरीच्या शेडीत वाफ बाहेर घालवायची असते. एवढा साधा फरक आठ वर्षांच्या अनुभवाला दिसला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

तरी मे महिना झकास गेला. दारं-खिडक्या सताड उघड्या असायच्या, वारा खेळायचा आणि डोक्यावरची आग गेली होती. बायांनी मल्लेशला शाल घातली, नारळ दिला. पावसाळ्यात एक थेंब आत आला नाही. त्याला कामं येऊ लागली. लातूरजवळच्या मुरुडला एका डाळ मिलचं ऑफिस, उदगीरला शिकवणीचा वर्ग, नांदेडला कापड दुकानाचा वरचा मजला. पत्र्याला स्वेटर घालणारा आता मल्लेशशेठ झाला.

मग डिसेंबरची थंडी पडली. बायांनी गारठ्यानं दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आत भट्ट्या चालूच राहिल्या.

त्या महिन्यात मठाचा वार्षिक दासोह होता. दासोह म्हणजे आल्यागेल्या सगळ्यांना पंगतीत जेवण. दोन हजार कडक भाकरी गटाकडून ठरल्या होत्या. सोमवारी मठाच्या मंडपात गठ्ठे सोडले तर मधल्या भाकरींवर हिरवे-काळे ठिपके. एक गठ्ठा, दुसरा, तिसरा. पंगत बसायला दोन तास होते. बायकांनी पदर खोचून घाईघाईनं भात वाढवला, पण गोष्ट सगळ्या मंडपात पसरली.

मठाचे पंच गुरुपादप्पा शांत माणूस. त्यांनी गटाच्या बायांना आणि मल्लेशला एका बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे काय, चाळीस माणसं भोवती उभी होतीच.

"मल्लेश, छताचं काम तू केलास," ते म्हणाले. "वरनं पाणी-बिणी येतंय का बघ बाबा."

"अप्पा, छत गळत न्हाई," मल्लेश म्हणाला. "सगळा पावसाळा कोरडा गेला. विचारा कुणालाबी."

हे खरंच होतं. इथं तो थांबला असता तर निभलं असतं. पण नांदेडच्या कापड दुकानाचा मालक त्याच मंडपात जेवायला आलेला होता, आणि चाळीस जणांचे डोळे त्याच्या छताकडे वळलेले त्याला अंगावर जाणवत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"भाकरी कच्ची राहिली असंल," तो म्हणाला. "वाजवून बघायचं काम कुणाचं हाय? वयानं कान जातो माणसाचा. त्यात वाईट वाटायचं काय न्हाई."

सगळ्या माना रत्नम्मांकडे फिरल्या. 

रत्नम्मांनी हातातला रुमाल चार घड्या होईतो दुमडला. "आसंल बाबा," त्या म्हणाल्या. "आताशा कमीच ऐकू येतंय." आणि त्या न जेवता घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून शेडीकडं फिरकल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी मल्लेश बायको मंजुश्रीला शेडीवर सोडायला गेला. तीही भाकरी थापायला जायची. किल्ली तिच्याकडं होती, पहिलं दार तिनंच उघडलं. बाहेर कडाक्याची थंडी, आत आदल्या दिवसाची कोंडलेली उबट हवा. मंजुश्री सरपण आणायला मागं गेली आणि मल्लेशनं सहज वर बघितलं.

फोम कोरडा होता, पण अँगल ओले होते. एकेका लोखंडी अँगलच्या खालच्या कडेला ओळीनं थेंब लोंबत होते आणि त्यांच्या बरोब्बर खाली भाकरीची मांडणी होती. त्याच्यादेखत एक थेंब सुटला आणि भाकरीवर झाकलेल्या कापडात जिरला. आवाजसुद्धा झाला नाही.

मल्लेशला सगळं एका दमात कळलं. सहा भट्ट्यांची वाफ, पिठात ओततात त्या उकळत्या पाण्याची वाफ, अकरा बायांचा श्वास, हे सगळं पूर्वी सवण्यातून जायचं. आता जायला जागा नव्हती. रात्री लोखंड गार पडलं की वाफ त्यालाच धरायची. छत गळत नव्हतं. त्यानं बंद केलेली खोली आतल्या आत घाम गाळत होती. रत्नम्मांनी वाजवलेली भाकरी कोरडीच होती. मांडणीवर ठेवल्यानंतर ती भिजत होती.

त्यानं हात वर करून एक थेंब बोटावर घेतला. मग मंजुश्रीची पावलं वाजली आणि त्यानं ते बोट झटकन पँटला पुसलं. त्या पुसण्याची त्याला पुढं कित्येक दिवस लाज वाटत राहिली. चोरी करताना धरल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं, आणि मंजुश्रीनं तर काही बघितलंही नव्हतं.

त्या दिवशी जाऊन सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण नांदेडचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. स्वतःच्या गावातलंच छत चुकलं म्हटल्यावर परगावी कोण उभं करणार? सांगू की, आधी दुरुस्त करतो, मग सांगतो, असं त्यानं मनाला समजावलं. आणि दुरुस्त करायचं म्हणजे सवणं उघडायचं. दिवसाढवळ्या छतावर चढून सवणं उघडलं की शेंबडं पोरसुद्धा विचारणार, का उघडलं?

म्हणून त्यानं भलतंच केलं. फोम तपासायचाय असं सांगून शिवगंगाबाईंकडून दुसरी किल्ली घेतली, आणि रोज उजाडायला, बाया यायच्या आधी, काठीला फडकं बांधून अँगल पुसू लागला. मांडणीवरची कापडं बदलायचा. दार अर्धा तास उघडं ठेवायचा. मग ओली फडकी पिकअपच्या सीटखाली कोंबून घरी यायचा. गावात फोमची बंदूक मिरवणारा मल्लेशशेठ रोज सकाळी पोतेरं मारत होता.

आणि या पोतेऱ्यानं घात केला. बुरशी थांबली.

"बघा की," आठवडाभरानं मंजुश्री जेवताना म्हणाली, "रत्नम्मा अव्वा गेल्या अन् माल एकदम सुधारला. एक ठिपका न्हाई. बाया म्हणायल्यात, तुम्ही बोलला ते खरंच होतं. बिचारीचा कानच गेला होता."

 आपण फक्त गप्प बसलोय असं मल्लेश आजवर धरून चालला होता. आता कळलं, रोज सकाळी उठून आपण त्या म्हातारीच्या विरुद्ध साक्ष देतोय.

दुसऱ्या दिवशी तो रत्नम्मांच्या घरी गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला. खालच्या आळीत त्यांचं माळवद. आत अंधारं, पण चुलीवरच्या सवण्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरलेला. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. शेजारी वेताच्या टोपलीत कडक भाकरी उभ्या लावलेल्या होत्या.

"ये. बस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"काय करायलाव अव्वा?"

"रोज एक करून बघायले. हात कुठं चुकतोय, का कान चुकतोय, ते बघून राहिले." त्यांनी नुकतीच शेकलेली भाकरी उचलली, कानाशी धरून नखानं वाजवली. मग ती त्याच्याकडं केली. "तुझे कान तरणे हायत. ऐक बरं. वाजती का?"

मल्लेशनं भाकरी कानाशी धरली. टणक, स्वच्छ आवाज आला.

"वाजती अव्वा," तो कसाबसा म्हणाला.

"मलाबी वाजल्यागतच वाटती," त्या म्हणाल्या. "पण तवाबी वाटलीच होती की."

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात. मल्लेशला त्या शेणानं सारवलेल्या भुईकडं बघताना ते अक्षरशः वाटलं. त्यानं म्हातारीचं नाव घालवलं होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. तिचा स्वतःच्या कानावरचा भरवसा आपण काढून घेतलाय, हे त्याला तिथं बसल्यावर दिसलं. आणि तरी चहा पिऊन, 'शरणार्थी' असा नमस्कार करून तो न सांगताच बाहेर पडला. सकाळचं पुसणं आटोपून रोज जाऊन-येऊन नांदेडचं काम त्यानं उरकलं. लोकांनी वाहवा केली, ती त्याला चिमट्यासारखी बोचली.

दासोहानंतर विसाव्या दिवशी, रविवारी, मंजुश्री शेजारच्या आळीतल्या बारशाहून आली आणि सहज सांगू लागली. "रत्नम्मा अव्वाबी आल्या होत्या. सवयीनं तव्यापाशी बसल्या. तर कुणीतरी उलथणं त्यांच्या हातातनं काढून घेतलं. अव्वा, तुम्ही बसा, म्हणून. कुणी वाईट बोललं न्हाई. त्या गुपचूप उठल्या अन् कोपऱ्यात लसूण सोलायला बसल्या."

मल्लेश ताटावरून उठला. चप्पलसुद्धा घातली नाही.

रत्नम्मा नुकत्याच घरी येऊन टेकल्या होत्या. त्यानं उंबऱ्यातच बसून सगळं सांगितलं. थेंब सांगितले, फडकं सांगितलं, सीटखालचं कोंबणं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर ते थांबेना. "तुमचा कान शाबूत हाय अव्वा. खोट माझ्या छतात होती. सवणं मी बुजवलं."

 रत्नम्मांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, मग तो हात कानावर ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मल्लेशनं मान खाली घातली. मग त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले आणि विचारलं, "कवा कळलं तुला?"

आजच कळलं, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"दासोहानंतरच्या गुरुवारी," तो म्हणाला.

रत्नम्मांनी टोपली पुढं ओढली. वीस भाकरी होत्या, रोजची एक. त्यांनी पहिल्या तीन काढून बाजूला ठेवल्या. "मंगळवार, बुधवार, गुरुवार. ह्या माझ्या मी केल्या. तवर तुलाबी ठाऊक नव्हतं, त्याला काय बोलावं?" मग उरलेल्यांवरून त्यांनी हात फिरवला. "ह्या सतरा तू करवून घेतल्यास."

"अव्वा, पाया पडतो."

"पड की. पण दोष लावताना चाळीस माणसं होती, अन् पाया पडायला माझा उंबरा?" त्या म्हणाल्या. "उद्या सोमवार हाय. मठात ये."

सोमवारी संध्याकाळच्या पूजेनंतर गाव मठात बसलेलं असतं. मल्लेश उभा राहिला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, शेठ देणगी जाहीर करायला उठलाय.  पहिल्या ओळीत शिवगंगाबाई होत्या, बायांच्या घोळक्यात मंजुश्री होती, तिला त्यानं घरी काही सांगितलं नव्हतं. अगदी मागं, खांबाला टेकून रत्नम्मा. त्यांच्या मांडीवर फडक्यानं झाकलेली टोपली.

"दासोहाच्या भाकरीला बुरशी लागली, त्यात रत्नम्मा अव्वांची चूक नव्हती," तो म्हणाला. "त्यांनी सवणं ठेव म्हणलं होतं. मी ठेवलं न्हाई. आतली वाफ आतच राहिली, अँगलचं पाणी भाकरीवर पडलं. मी ह्याच जागी अव्वांना बोललो. ते चुकलं. ते मला नंतर ध्यानात आलं. उद्या सवणं उघडून देतो."

मंडपात कुजबुज झाली. मंजुश्री त्याच्याकडं टक लावून बघत होती. सीटखालची ओली फडकी तिलाही कधीतरी दिसली असणार. पण एकंदर लोकांना बरंच वाटलं. चूक झाली, माणसानं कबूल केली, संपलं. गुरुपादप्पासुद्धा मान डोलवत म्हणाले, "मोकळेपणानं बोललास, बरं केलास."

मल्लेशला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच शरम वाटली. नंतर ध्यानात आलं, असं तो म्हणाला होता. इथंही त्यानं अर्धंच खरं सांगितलं होतं.

रत्नम्मा उठल्या. सावकाश पुढं आल्या आणि टोपली गुरुपादप्पांसमोर ठेवून फडकं काढलं.

"माझ्या हातच्या हायत अप्पा. वाजवून घ्या."

गुरुपादप्पांनी एक वाजवली. सगळ्या मंडपाला टणक ऐकू आलं. मग त्यांनी बोटानं भाकरी मोजल्या. "सतरा? सतराच कशापायी अक्का?"

 रत्नम्मा वळून मल्लेशकडं बघत राहिल्या. त्यांना सांगता आलं असतं, दोन वाक्यांचं काम होतं. त्यांनी ते त्याच्यासाठी ठेवलं होतं.

मल्लेश पुन्हा उभा राहिला.  "अप्पा, मला नंतर न्हाई, तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी माझ्या कामाला भ्यालो. रोज सकाळी चोरून अँगल पुसले, म्हणून बुरशी थांबली, अन् तुम्हाला वाटलं अव्वा गेल्या म्हणून थांबली. ते मी वाटू दिलं. अव्वा रोज एक भाकरी करून आपला कान तपासत होत्या. मी बघून आलो, तरी बोललो न्हाई. मी गप बसलो त्या दिवसांच्या ह्या सतरा भाकरी हायत."

आता मात्र कुणी मान डोलवली नाही. शिवगंगाबाईंनी तोंडाला पदर लावला. ज्या बाईनं बारशात उलथणं काढून घेतलं होतं ती जमिनीकडं बघू लागली. मंजुश्रीनं तोंड फिरवलं, आणि मल्लेशला सगळ्यांत जास्त लागलं ते तेच.

गुरुपादप्पांनी एक भाकरी मोडली आणि तुकडे पुढं सरकवले. दुसरी मोडली, तिसरी मोडली. मठात हातावर आलेला घास नाकारत नाहीत. तुकडा हातोहात मल्लेशपर्यंत आला. त्यानं तो तोंडात घातला. सगळीकडं कडकड आवाज होत होता, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या दाताखालचा आवाज त्याला सगळ्यांत मोठा ऐकू येत होता.

रत्नम्मा रिकामी टोपली काखेत मारून त्याच्यापुढं आल्या.

"वाजती का रे?" त्यांनी विचारलं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"वाजती अव्वा," मल्लेश म्हणाला, आणि मान खाली न घालता म्हणायला त्याला फार जड गेलं.